कर्नलमधील थ्रेड : निर्मिती, झोप आणि शेवट

लिनक्स कर्नलमध्ये नवा थ्रेड सुरू करण्यासाठी आज एक ओळ पुरते, तो नीट झोपवण्यासाठी दोन-तीन ओळी लागतात आणि तो सुरक्षितपणे बंद करण्यासाठी मात्र संपूर्ण ड्रायव्हरची रचना आधीपासूनच विचारात घ्यावी लागते. नवशिक्यांच्या मॉड्यूलमध्ये बिघाड दिसतो तो बहुधा या शेवटच्या टप्प्यावर, पण त्याचे मूळ मधल्या टप्प्यात, म्हणजे थ्रेड कशाची वाट पाहत झोपला आणि त्याला कोण उठवणार होते या प्रश्नात दडलेले असते. म्हणून कर्नलमधील थ्रेडचा कोड सोपा करायचा असेल, तर लेखनाची सुरुवात शेवटाकडून करावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रोसेस, थ्रेड, सेमाफोर या संकल्पना परीक्षेपुरत्या ठाऊक असतात. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डांशी संबंध आला की त्याच संकल्पना कर्नलच्या आत वेगळ्या रूपात भेटतात. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जो प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणे यांचे थेट नियमन करतो. कर्नल थ्रेड हा या गाभ्यातच जन्मणारा आणि तिथेच राबणारा कार्यप्रवाह असून त्याला वापरकर्त्याची स्वतंत्र मेमरी नसते. त्याच्या हातून चूक झाली तर एखादा प्रोग्रॅम बंद पडून भागत नाही, अख्खी यंत्रणा अडकू शकते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. २६ आणि २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला आलेल्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे या भागातील लोकांच्या चांगले स्मरणात आहे. अशा नदीवर, बदलापूरच्या बॅरेजजवळ, पाण्याची पातळी मोजणारा एक सेन्सर बसवला आहे आणि त्याचा ड्रायव्हर लिहायचा आहे असे गृहीत धरावे. या ड्रायव्हरने दर पाच सेकंदांनी पातळी वाचावी, वरून मागणी आल्यास तत्काळ वाचावी आणि मॉड्यूल काढून टाकण्याचा आदेश मिळताच मुकाट्याने थांबावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अशा सेन्सरसाठी कर्नलमध्ये आयआयओ नावाची तयार उपप्रणाली आहे आणि उत्पादनात तीच वापरावी; इथे उदाहरण घेतले आहे ते केवळ थ्रेडचे वर्तन उघड करून दाखवण्यासाठी.

थ्रेड निर्मितीची जुनी रीत बरीच क्लिष्ट होती. कर्नल_थ्रेड हे फंक्शन बोलावले की नवा थ्रेड ज्या प्रोसेसच्या संदर्भात जन्मला तिच्या उघड्या फाइली, तिचे सिग्नल आणि इतर बराच वारसा त्याच्याकडे येई, आणि तो झटकून टाकण्यासाठी डीमनाइझ हे दुसरे फंक्शन थ्रेडने स्वतः बोलवावे लागे. थ्रेड सुरू झाला की नाही हे कळण्यासाठी आणि तो संपेपर्यंत थांबण्यासाठी प्रत्येक ड्रायव्हरचा लेखक आपापली युक्ती लढवी, त्यामुळे तोच दोष अनेक ठिकाणी वेगवेगळ्या रूपांत शिरला. २००४ साली रस्टी रसेल यांनी केथ्रेड ही व्यवस्था आणली आणि हा विस्कळीतपणा मिटवला. आज सर्व कर्नल थ्रेड केथ्रेडडी नावाच्या एकाच पालकाच्या पोटी जन्मतात. त्याचा प्रोसेस क्रमांक २ असतो आणि पीएस या आज्ञेच्या यादीत ही मंडळी चौकोनी कंसात दिसतात. पालक एकच असल्यामुळे नव्या थ्रेडचा आरंभ दर वेळी स्वच्छ स्थितीतून होतो.

केथ्रेड_क्रिएट हे मॅक्रो थ्रेड तयार करते, पण चालू करत नाही. तो वेक_अप_प्रोसेस या फंक्शनने उठवावा लागतो. केथ्रेड_रन ही दोन्ही कामे एकदम करते. थ्रेड विशिष्ट प्रोसेसरला बांधायचा असेल तर निर्मिती आणि जागृती यांच्या मधल्या काळातच केथ्रेड_बाइंड वापरावे लागते, म्हणून तेवढ्यापुरते पहिले मॅक्रो निवडावे. एरवी केथ्रेड_रन पुरेसे आहे. या एका ओळीभोवती काही पथ्ये मात्र पाळावीच लागतात. निर्मिती फसली तर हे मॅक्रो शून्य पॉइंटर न देता पॉइंटरच्या वेषात त्रुटी-क्रमांक परत देते, त्यामुळे शून्याशी तुलना करणारी तपासणी निरुपयोगी ठरते आणि इझ_एरर या फंक्शननेच खात्री करावी लागते. केथ्रेडडीने थ्रेड तयार करेपर्यंत बोलावणारा स्वतः झोपू शकतो, म्हणून इंटरप्ट हाताळताना किंवा स्पिनलॉक धरून ही निर्मिती करता येत नाही. थ्रेडला द्यायची माहिती फंक्शनच्या स्थानिक चलात ठेवू नये, कारण ते फंक्शन संपल्यावरही थ्रेड चालूच राहतो आणि नाहीशा झालेल्या जागेतून वाचू लागतो. सर्वांत फसवी गोष्ट अशी की केथ्रेड_रन परतण्यापूर्वीच नवा थ्रेड दुसऱ्या प्रोसेसरवर धावू लागलेला असू शकतो. तेव्हा प्रतीक्षारांग, लॉक आणि सेन्सरशी जोडणी ही सर्व सिद्धता त्या ओळीच्या आधी पूर्ण हवी, आणि परत आलेला पॉइंटर ज्या चलात साठवला जाणार आहे ते चल थ्रेडने स्वतः वाचू नये.

आता शेवटाकडे वळावे. केथ्रेड_स्टॉप हे फंक्शन थ्रेडच्या नोंदीत ‘थांब’ अशी खूण करते, त्याला जागे करते आणि तो खरोखर संपेपर्यंत स्वतः वाट पाहते. थ्रेडने आपल्या आवर्तनात केथ्रेड_शुड_स्टॉप विचारून ही खूण पाहायची आणि दिसताच बाहेर पडायचे, असा हा करार आहे. तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला नाही तर काय होते हे समजून घेतले पाहिजे. थ्रेडने खूण पाहिलीच नाही तर मॉड्यूल काढण्याची आज्ञा कायमची अडकून राहते. याउलट थ्रेड एखाद्या चुकीमुळे स्वतःहून आधीच संपला आणि त्याचा पॉइंटर कोणी राखून ठेवलेला नसला, तर केथ्रेड_स्टॉप मोकळ्या केलेल्या मेमरीला हात घालते. म्हणून सेन्सर उत्तर देत नसला तरी थ्रेडने निघून न जाता ‘थांब’ची खूण येईपर्यंत झोपून राहणे हेच सोपे आणि सुरक्षित धोरण होय. तिसरी शक्यता विरळ, पण नेमकी चाचणीत निसटणारी आहे. थ्रेड तयार झाल्यावर पहिल्यांदा धावण्यापूर्वीच त्याला थांबवले, तर त्याचे फंक्शन मुळी चालतच नाही आणि स्टॉपकडून ऋण त्रुटी-क्रमांक परत येतो. जो लेखक मेमरी मोकळी करण्याचे काम थ्रेडच्या फंक्शनच्या शेवटी ठेवतो, त्याची मेमरी अशा वेळी गळते. आवराआवर थ्रेडने करू नये, थ्रेडला थांबवणाऱ्याने करावी, हा नियम एकदा स्वीकारला की हा प्रश्न उद्भवत नाही.

उतरंडीचा क्रमही ठरलेला असावा. आधी थ्रेडला उठवू शकणारे बाहेरचे स्रोत, म्हणजे इंटरप्ट आणि वापरकर्त्याच्या मागणीची फाइल, बंद करावेत, मग थ्रेड थांबवावा आणि सरतेशेवटी रांग व मेमरी सोडावी. उभारणीचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो. ड्रायव्हर लिहायला बसताना हा उतरता क्रम कागदावर आधी मांडून घेतला, तर वरचा चढता क्रम आपोआप हाती येतो. वर सुरुवात शेवटाकडून करण्याचा जो आग्रह धरला आहे त्यामागे एवढे साधे कारण आहे.

झोपेचा विषय याहून सूक्ष्म आहे. कर्नलच्या परिभाषेत झोपणे म्हणजे थ्रेडने आपली स्थिती बदलून प्रोसेसर सोडणे आणि कोणी उठवीपर्यंत रांगेत पडून राहणे. भोळा लेखक असा कोड लिहितो : मागणी आली आहे का ते पाहावे, नसेल तर झोपावे. दिसायला निर्दोष असलेल्या या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीतच खरा धोका आहे. रात्री अंबरनाथच्या फलाटावर एखाद्या प्रवाशाने इंडिकेटर पाहिला, त्यावर बदलापूर लोकल दिसली नाही, म्हणून घोषणा होईल तेव्हा उठू असे ठरवून त्याने डोळे मिटले, आणि घोषणा नेमकी इंडिकेटरवरून नजर काढणे व डोळा लागणे यांच्या मधल्या क्षणात, तो कानांत इअरफोन खुपसत असताना होऊन गेली, तर गाडी येऊन गेली तरी तो झोपलेलाच राहील. कर्नलमध्ये याला हरवलेली जाग म्हणतात. उठवणाऱ्याने आपले काम केलेले असते, झोपणाऱ्यानेही अट पाहिलेली असते, तरी दोघांची चुकामूक होते.

यावरील उपाय क्रम उलटण्यात आहे. आधी थ्रेडने आपण झोपणार असल्याची स्थिती जाहीर करून रांगेत नाव नोंदवावे, मग अट पाहावी आणि अट पुरी नसेल तरच शेड्यूल हे फंक्शन बोलावून प्रोसेसर सोडावा. मधल्या काळात कोणी उठवले तर स्थिती पुन्हा ‘धावता’ अशी होते आणि शेड्यूल त्याला झोपू देत नाही. जुन्या कर्नलमधील स्लीप_ऑन आणि त्याची भावंडे अट न पाहताच झोपवत असल्यामुळे त्यांत ही फट कायमची होती. ती फंक्शने वर्षानुवर्षे त्याज्य ठरवली गेली आणि २०१४ साली ३.१५ या आवृत्तीत अखेर काढून टाकण्यात आली. जुन्या पुस्तकांत ती अजून सापडतात, तेव्हा पुस्तकाचे वर्ष पाहूनच उदाहरण उतरवावे. हा प्रश्न लिनक्सपुरता नाही. एमआयटीने अध्यापनासाठी तयार केलेल्या एक्सव्ही६ या छोट्या कर्नलमध्ये स्लीप या फंक्शनला वाट पाहण्याच्या खुणेबरोबर लॉकही द्यावे लागते, ते याच फटीसाठी. पवईच्या आयआयटी मुंबईतही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना एक्सव्ही६ वापरले जाते. ज्याला लिनक्सचा पसारा झेपत नाही त्याने तिथली झोप आणि जाग यांची मोजकी पाने आधी वाचावीत.

लिनक्समध्ये हा उलटा क्रम हाताने लिहिण्याची गरज जवळपास कधीच नसते, कारण वेट_इव्हेंट या मॅक्रोंच्या कुटुंबात तो आधीच बसवलेला आहे. लेखकाने रांग आणि अट एवढेच द्यायचे. जाहीर करणे, तपासणे, झोपणे आणि उठल्यावर पुन्हा तपासणे हे मॅक्रो करते. पातळीमापकाच्या थ्रेडसाठी अट अशी असेल : मागणी आली आहे किंवा केथ्रेड_शुड_स्टॉप खरे आहे. हा दुसरा भाग विसरणे ही या विषयातील सर्वाधिक आढळणारी चूक असावी. तो नसला तर केथ्रेड_स्टॉप थ्रेडला उठवते, मॅक्रो अट पुन्हा पाहते, मागणी नसल्याने थ्रेडला परत झोपवते, आणि थांबवणारा व थांबणारा दोघेही एकमेकांच्या वाटेकडे डोळे लावून बसतात.

झोपेचे प्रकारही निवडावे लागतात. सिग्नलने मोडणारी झोप आणि न मोडणारी झोप हे दोन मुख्य प्रकार. तिसरा, केवळ प्राणघातक सिग्नलने मोडणारा प्रकार २००८ साली आला. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमतर्फे वाट पाहायची असेल तर मोडणारी झोप घ्यावी आणि परत येणारा त्रुटी-क्रमांक तसाच वर पोचवावा. कर्नल थ्रेडला मात्र सिग्नल सहसा पोचतच नाहीत, म्हणून तिथे हा भेद निरर्थक वाटतो. तो तसा नाही. न मोडणाऱ्या झोपेतील थ्रेड यंत्रणेच्या सरासरी भाराच्या आकड्यात मोजले जातात, आणि अशी झोप १२० सेकंदांहून लांबली तर अडकलेले थ्रेड शोधणारी व्यवस्था, ती चालू असल्यास, इशारा छापते. काहीही न करता पडून असलेला थ्रेड यामुळे राबत असल्यासारखा दिसतो.

महाराष्ट्राशी जोडलेले एक उदाहरण इथे पाहण्याजोगे आहे. पुण्यातील के-क्यू इन्फोटेक या कंपनीने २०१० साली झेडएफएस ही मूळची सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमवरील फाइल सिस्टिम लिनक्सवर कर्नल मॉड्यूलच्या रूपात आणण्याचे काम जाहीर केले; त्याचा पाया अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत घातला गेला होता. सोलारिसचा कोड थ्रेड_क्रिएट आणि सीव्ही_वेट अशी सोलारिसची फंक्शने बोलावतो, जी लिनक्समध्ये नाहीत. म्हणून मध्ये सोलारिस पोर्टिंग लेयर नावाचा एक थर बसवण्यात आला, जो तीच नावे धारण करून आतून लिनक्सची केथ्रेड आणि प्रतीक्षारांग वापरतो. वरचा हजारो ओळींचा कोड त्यामुळे अबाधित राहिला, हे या थराचे मोठेच यश. पण सीव्ही_वेटची लिनक्समधील झोप न मोडणारी असल्याने निवांत थ्रेडही सरासरी भार फुगवू लागले आणि अशा थ्रेडसाठी झोपेची वेगळी फंक्शने द्यावी लागली. वरवर सारखी दिसणारी दोन प्रणालींतील झोप आतून सारखी नसते, ही जाण हा थर लिहिणाऱ्यांनाही वाटेत कमवावी लागली.

लिनक्सने २०१५ साली टास्क_आयडल ही स्थिती आणली, जी न मोडणारी असूनही भारात मोजली जात नाही; पीएसच्या यादीत ती ‘आय’ या अक्षराने दिसते. कर्नल थ्रेडने निवांत वाट पाहायची असेल तर वेट_इव्हेंट_आयडल हेच मॅक्रो वापरावे. एक बारकावा मात्र ध्यानी ठेवावा : या स्थितीतील थ्रेड वेक_अप_इंटरप्टिबल या फंक्शनने उठत नाही, त्याला साधे वेक_अप लागते.

ठरावीक काळाच्या झोपेचे गणित वेगळे आहे. दर पाच सेकंदांनी वाचायचे म्हणून एमस्लीपला पाच हजार मिलिसेकंद देणे सोपे वाटते, पण एमस्लीप कोणाच्याही उठवण्याने मोडत नाही, त्यामुळे मॉड्यूल काढणाऱ्याला पाच सेकंदांपर्यंत तिष्ठत बसावे लागते आणि तातडीची मागणीही तेवढीच रखडते. पूर येत असताना पाच सेकंद क्षुल्लक असतील, पण काळ पाच मिनिटांचा असता तर ते चालले नसते. त्याऐवजी वेट_इव्हेंट_आयडल_टाइमआउट वापरावे, ज्यात अट आणि मुदत दोन्ही देता येतात; शून्य परत आले तर मुदत संपली आणि धन संख्या आली तर अट पुरी झाली, एवढ्यावरून पुढचा मार्ग ठरतो. या एकाच मॅक्रोने पातळीमापकाच्या तिन्ही अपेक्षा, म्हणजे नियमित वाचन, तत्काळ वाचन आणि विनाविलंब थांबणे, पुऱ्या होतात आणि थ्रेडचे फंक्शन दहा-बारा ओळींत मावते.

सेन्सरला आज्ञा दिल्यावर त्याचे उत्तर तयार होईपर्यंत थांबायचे असते तो काळ मात्र मिलिसेकंदांचा किंवा त्याहूनही लहान असतो आणि तिथे मुदतीची फंक्शने वेगळी लागतात. एमस्लीप कर्नलच्या टिकटिकीवर चालते. ही टिकटिक सेकंदाला १०० ठेवलेल्या यंत्रणेत एका मिलिसेकंदाची मागणी वीस मिलिसेकंदांपर्यंत ताणली जाऊ शकते. म्हणून सुमारे दहा मायक्रोसेकंदांपर्यंत यूडिले, तिथून वीस मिलिसेकंदांपर्यंत यूस्लीप_रेंज आणि त्यापुढे एमस्लीप, असा संकेत आहे. यूडिले झोपवत नाही, प्रोसेसरला जागच्या जागी फिरवत ठेवते, त्यामुळे ते जपून वापरावे; यूस्लीप_रेंजला किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा द्याव्या लागतात, कारण त्या मोकळिकीत कर्नल अनेकांचे जागे होणे एकत्र करून वीज वाचवतो. हा निर्णय दर वेळी घेण्याचा कंटाळा असेल तर २०२० पासून उपलब्ध असलेले एफस्लीप वापरावे, ते काळ पाहून योग्य मार्ग स्वतः निवडते.

कुठे झोपू नये याचे नियम थोडके पण कठोर आहेत : इंटरप्टच्या हाताळणीत, स्पिनलॉक धरलेला असताना आणि आरसीयूच्या वाचनखंडात झोप निषिद्ध आहे. अडचण ही की झोप नेहमी नावाने ओळखू येत नाही. म्युटेक्स घेणे, वापरकर्त्याच्या मेमरीतून नक्कल करणे किंवा जीएफपी_कर्नल या खुणेने मेमरी मागणे, यांतील प्रत्येक कृती झोपवू शकते. वेट_इव्हेंटच्या अटीतही असे फंक्शन लिहू नये, कारण आतली झोप बाहेरच्या झोपेची जाहीर केलेली स्थिती पुसून टाकते. कर्नल बांधताना डीबग_ॲटॉमिक_स्लीप आणि लॉकडेप हे पर्याय चालू ठेवले, तर यांतील बहुतेक चुका पहिल्याच फेरीत इशाऱ्याच्या रूपाने समोर येतात.

आणि तरीही एक प्रश्न उरतो, जो खरे तर सर्वांआधी विचारायला हवा : थ्रेड मुळात हवा आहे का? पातळीमापकाचे नियमित वाचन वर्कक्यू या व्यवस्थेतील विलंबित काम म्हणून लिहिले, तर थ्रेडची निर्मिती, रांग आणि थांबण्याची खूण हे सारेच गळून पडते; काम संपताना ते स्वतःला पाच सेकंदांनी पुन्हा नोंदवते आणि शेवटी कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक ही एक हाक पुरते. २०१० साली टेजुन हिओ यांनी वर्कक्यूची पुनर्रचना करून सर्वांची कामे सामायिक थ्रेडसंचांवर चालवण्याची सोय केली, तेव्हापासून प्रत्येक ड्रायव्हरने आपला थ्रेड बाळगण्याचे समर्थन फार थोड्या प्रसंगी करता येते. सेन्सर स्वतः इंटरप्ट देत असेल तर २००९ साली थॉमस ग्लाइक्सनर यांनी आणलेली थ्रेडयुक्त इंटरप्टची सोय अधिक योग्य, कारण त्यात झोपता येण्याजोगा थ्रेड कर्नलच पुरवतो. स्वतःचा थ्रेड राखून ठेवावा तो विशिष्ट प्रोसेसर, विशिष्ट प्राधान्य किंवा अखंड चालणारे काम यांसाठी. बाकी ठिकाणी तो केवळ सवयीने लिहिला जातो.

ज्यांनी यातील काही करून पाहायचे ठरवले असेल त्यांनी रोजच्या वापराच्या लॅपटॉपवर प्रयोग करू नये, आभासी यंत्रात वरील तपासणीचे पर्याय चालू केलेला कर्नल बांधावा, मॉड्यूल चढवून लगेच उतरवण्याची क्रिया एका छोट्या स्क्रिप्टने सतत चालू ठेवावी आणि त्याच वेळी दुसऱ्या खिडकीतून वाचनाची मागणी करत राहावी. थ्रेड अडकला तर प्रॉक फाइल सिस्टिममध्ये त्याच्या क्रमांकाखालील स्टॅक ही फाइल रूट वापरकर्ता म्हणून वाचावी. तो कोणत्या फंक्शनमध्ये झोपला आहे हे तिथे नावानिशी लिहिलेले असते.